एक्केचाळीस तूर्त

ऑफिसात त्याला सगळे तूर्तराव म्हणत. समोर म्हणत आणि मागेही म्हणत. चहाच्या कपांवर प्रत्येकाच्या नावाची पट्टी होती. त्याच्या कपावरही कुणीतरी हेच लिहून चिकटवलं होतं आणि त्याने ती पट्टी कधी काढली नव्हती.

नाव पडलं ते कामावरून. कंपनी खेळांचे डबे बनवायची, टीव्हीला जोडून मुलांनी आणि मुलं झोपली की त्यांच्या बापांनी खेळायचे. कागदोपत्री तो गेम कन्सोल, पण कारखान्यात सगळे डबाच म्हणत. बाहेरून हा डबा बारा वर्षांत बदलला नव्हता. तोच काळा रंग, तेच गोल कोपरे, दाबल्यावर किंचित उशिराने दिवा लागणारं तेच बटण. आतून मात्र तो अकराव्यांदा दुसरा झाला होता. एखादी चिप बाजारात मिळेनाशी झाली की तिच्या जागी दुसरी बसवायची. दुसरीचे पाय बसत नसतील तर बोर्डावरच्या तांब्याच्या रेघांचा नकाशा बदलायचा. गिऱ्हाइकाला पत्ता लागू द्यायचा नाही. अशा प्रत्येक बदलाला रिव्हिजन म्हणत, आणि दुसरीपासून सगळ्या रिव्हिजन त्याच्या हातच्या होत्या.

बोर्डावर जे जे बसतं त्याची एक लांबलचक यादी असते, आणि यादीच्या शेवटच्या रकान्यात शेरा. बदली म्हणून बसवलेल्या प्रत्येक भागापुढे तो एकच शब्द लिही: तूर्त. म्हणजे हा खरा नव्हे, खरा मिळेपर्यंतचा. खरा आला की याने उठून जागा द्यायची. खरा कधी आला नाही. टंचाई एका चिपेची संपायची तेव्हा दुसरीची सुरू झालेली असायची, आणि आलेला माल मोटारवाले, फोनवाले आणि मोठमोठे कॉम्प्युटर उभारणारे उचलून न्यायचे. खेळण्याचा नंबर रांगेत शेवटचा. अकराव्या रिव्हिजनच्या यादीत तूर्त हा शब्द एक्केचाळीस वेळा होता.

तो राहत होता ती खोलीही तशीच होती. तिसऱ्या मजल्यावर, घडीची खाट, एक टेबल, आणि खिडकीला पडदा येईपर्यंत म्हणून चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद. कागद उलटा लागला होता. रोज सकाळी डोळे उघडले की तो तीच बातमी खालून वर वाचायचा. तीन वर्षांत कागद पिवळा पडून ठिसूळ झाला होता, आणि बातमीतला पूल अजून बांधला जाणार होता.

तीन वर्षांपूर्वी त्याच्या सासूबाईंची नजर गेली. बायको मुलीला घेऊन आईच्या गावी गेली आणि तिथल्या शाळेत भाषा शिकवू लागली. "दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे," तो तेव्हा म्हणाला होता. "नवा डबा बाजारात आला की हा बंद. हा बंद झाला की मी मोकळा." नवा डबा तयारही होता. काचेच्या पेटीत, मोठ्यासाहेबांच्या खोलीत, आतून रिकामा. त्याची मुख्य चिप बनवणाऱ्यांकडे खेळण्यांसाठी वेळ नव्हता. म्हणून जुना डबा चालू राहिला आणि जुना डबा ज्याला येतो तो माणूसही. शनिवारी चार तास बसने जायचं, रविवारी चार तास बसने यायचं. त्या एका रात्रीपुरती त्याची बॅग सासूबाईंच्या घरी कपाटावर असे. तिच्यातले कपडे काढून कुठे ठेवावेत असं तिथे कुणाला सुचलं नव्हतं, आणि त्यालाही नाही.

त्या गावातल्या तंत्रशाळेत शिकवायची एक जागा होती. प्राचार्यांनी ती त्याच्यासाठी दोनदा राखून ठेवली आणि दोनदा त्याने मुदत मागितली. तिसऱ्या वेळी त्यांनी फोनवर शांतपणे सांगितलं, "एक तारखेला सोमवार आहे. सकाळी साडेदहाला हजर झालात तर तुमचा वर्ग. नाही झालात तर यादीतल्या पुढच्या माणसाला मी अकरा वाजता फोन करणार. राग मानू नका."

त्याने बायकोला फोनवर सांगितलं.

"म्हणजे येतोयस, की येणार आहेस?" तिने विचारलं.

"फरक काय त्यात?"

"काळाचा आहे. मी सहावीला शिकवते, विचार कधीतरी."

मागून मुलीचा आवाज आला, "बाबांना सांग, माझा डबा गरम होतो." मुलगी नऊ वर्षांची होती. बापाचा तिला उपयोग मुख्यतः एवढाच उरला होता.

एक तारखेला सव्वीस दिवस उरले असताना खरेदीवाला त्याच्या दारात येऊन उभा राहिला. खरेदीवाला गोल, हसरा माणूस. दिवसभर फोनवर जगभरच्या चिपवाल्यांची मनधरणी करून त्याला तारखा आणि महिने समजेनासे झाले होते. तो सगळं आठवड्यांत मोजायचा. मुलीचं लग्न कधी, असं विचारलं तर म्हणायचा, अठरा.

"बसा तूर्तराव, म्हणजे पडायची भीती नाही."

"मी बसलेलोच आहे. कुठली संपली?"

"वीज सांभाळणारी. ती छोटी, सहा पायांची. साठा संपत आलाय. पुढचा माल बावन्न."

"वर्ष म्हणा की सरळ."

"वर्ष म्हटलं की माणूस खचतो हो. आठवडे म्हटलं की नुसता चिडतो. मी तुमच्या भल्यासाठीच सांगतो."

मोठ्यासाहेबांनी त्याला बोलावून घेतलं. त्यांच्या बोलण्यात प्रेम असायचं, आणि त्या प्रेमामुळेच तिथून आजवर कुणाला नाही म्हणून उठता आलं नव्हतं. "ही बारावी करून द्या आणि सुटा," ते म्हणाले. "शपथेवर सांगतो. तुमच्या जागी नवी आहेच. यादीवर तिची सही झाली की बोर्ड तिचा. मग तुम्ही कुठेही जा, आम्ही फोनसुद्धा करणार नाही."

नवी म्हणजे त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारी इंजिनिअर. तिला येऊन चार वर्षं झाली होती. तरी ती नवीच, कारण तिच्यानंतर कुणाला घेतलंच नव्हतं. तिशीची, कमी बोलणारी, चष्मा डोक्यावर ढकलून सूक्ष्मदर्शकात बघणारी. यादीवर सही म्हणजे काय हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. सही असल्याशिवाय बोर्डांची लाइन सुरू होत नसे, आणि पुढे काही बिघडलं तर सहीवाल्यालाच बोलावणं येई.

त्याने नऊ दिवस काम केलं. खोलीला खिडक्या होत्या, पण धुळीच्या भीतीने त्या कायमच्या बंद. दिवसभर निळी चटई, डाग द्यायच्या राळेचा वास आणि हवा गाळणाऱ्या यंत्राचा एकसुरी आवाज. सहाव्या दिवशी त्याला बदली चिप सापडली. कपडे धुण्याच्या यंत्रांत वापरतात ती, मुबलक, कुणालाही नको असलेली. फक्त तिच्या पायांची रचना वेगळी होती.

"म्हणजे आता डबा कपडेही धुणार," खरेदीवाला म्हणाला. "आठवडे किती?"

"तीन."

"तीन!" खरेदीवाल्याने खरोखर कपाळाला हात लावून नमस्कार केला. "तीन हा आकडा मी विसरलो होतो."

त्याने नकाशाचा तो कोपरा पुसून नव्याने काढला. हात भराभर चालत होता. इतक्या वर्षांत हाताला असं मोकळं कधी वाटलं नव्हतं. रेघा आपोआप सरळ पडत होत्या, आणि मनात साडेदहाचा वर्ग होता, बाक, फळा, खडू. नकाशा छपाईला गेला. नमुन्याचे दहा बोर्ड तयार होऊन आले तेव्हा एक तारखेला अकरा दिवस होते.

पहिला बोर्ड जोडून त्याने बटण दाबलं. दिवा लागला नाही. दुसरा घेतला. तिसरा. दहावा जोडेपर्यंत नवी आपलं काम सोडून त्याच्या पाठीमागे येऊन उभी होती.

"वीज येतेय," ती म्हणाली. "सगळीकडे नीट पोचतेय. पण हा उठत नाही."

"दिसतंय मला."

"मी बघू?"

तो बाजूला झाला. तिने अकराव्या रिव्हिजनचा नकाशा आणि बारावीचा नकाशा पडद्यावर शेजारी शेजारी लावले आणि बोटाने एकेक रेघ चालत गेली. त्या छोट्या चिपेपासून मुख्य चिपेकडे दोन रेघा जातात. एक सांगते, वीज स्थिर झाली, जागा हो. दुसरी सांगते, थांब. तिचं बोट तिथे थबकलं.

"सर, अकरावीत या दोन रेघा एकमेकींना ओलांडून जातात. बारावीत तुम्ही सरळ नेल्यात."

तो पडद्याकडे वाकला.

"माहितीपत्रकाप्रमाणे त्या सरळच हव्यात. म्हणजे तुम्ही बरोबर काढलंय. अकरावी चुकीची आहे." तिने एक एक नकाशा मागे नेला. "दहावीत ओलांडतात. नववीत. सातवीत... दुसरीपासून सगळ्यांत ओलांडतात. पहिलीत सरळ." तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं. "अकरावी चुकीची आहे तर चालते कशी?"

"माझ्या हातून बरोबर झालं," तो म्हणाला.

हे वाक्य ऐकायला विचित्र होतं हे त्याला बोलल्यावर कळलं. चूक हातून होते. बरोबर आपण करतो. पण घडलं होतं ते असंच. बरोबर करायचं त्याने ठरवलं नव्हतं. ते बेसावध क्षणी निसटून गेलं होतं.

मग त्याने तिला सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगितलं. दुसऱ्या रिव्हिजनच्या वेळी तो तिच्याच वयाचा होता. जागा हो आणि थांब या दोन रेघा त्याच्याकडून उलट जोडल्या गेल्या, आणि हे लक्षात आलं तेव्हा वीस हजार बोर्ड छापून झाले होते. मुख्य चिपमधला प्रोग्रॅम लिहिणारा एक मित्र होता. दोघांनी दार लावून घेतलं. मित्राने प्रोग्रॅममध्ये अर्थच उलटवला: थांब ऐकू आलं की जागं व्हायचं, जागा हो ऐकू आलं की थांबायचं. तरी सुरुवातीच्या एका क्षणाला डबा गोंधळायचा, म्हणून त्याने एका रेघेवर तांदळाच्या कणीएवढा एक रेझिस्टर बसवला. यादीत नंबर चारशे सतरा. शेरा: तूर्त. तिसऱ्या रिव्हिजनमध्ये रेघा सरळ करायच्या, प्रोग्रॅम सरळ करायचा, चारशे सतरा काढून टाकायचा, कुणाला काही कळायच्या आत. पण तेवढ्यात टंचाई आली. कंपनीने घाबरून मुख्य चिपचा मोठा साठा विकत घेतला, आणि त्या प्रत्येक चिपमध्ये उलटा प्रोग्रॅम कोरलेला होता. पुसता न येणारा. चिप उलटी आहे म्हणून रेघा उलट्या ठेवायच्या, रेघा उलट्या आहेत म्हणून पुढची चिपही उलटीच मागवायची. मित्र नोकरी सोडून गेला. ज्याला माहीत होतं असा तो एकटाच उरला.

"म्हणून तुम्ही हा बोर्ड कधी कुणाला दिला नाहीत," नवी म्हणाली.

"मला दिला कुणी सोडायला?"

"मी दोनदा मागितला होता. आठवीच्या वेळी आणि दहावीच्या वेळी. तुम्ही म्हणालात, तूर्त मीच करतो."

हे खरं होतं. तो खुर्चीत मागे टेकला. मोठ्यासाहेबांनी अडवलं, टंचाईने अडवलं, नव्या डब्याने अडवलं, असं तो बायकोला तीन वर्षं सांगत आला होता आणि ते खोटंही नव्हतं. पण दाराला आतून जी कडी होती ती तांदळाच्या कणीएवढी होती आणि त्यानेच लावली होती.

त्या दुपारी नवीने केसासारख्या दोन तारा घेतल्या, बोर्डावरच्या सरळ रेघा सुरीने तोडल्या आणि तारा एकमेकींवरून ओलांडून जोडल्या. हात तिचा जराही हलला नाही. बटण दाबलं. किंचित उशिराने दिवा लागला.

"चुकवला एकदाचा," ती म्हणाली, आणि दोघंही हसले. त्याचं हसू आधी थांबलं.

नमुने परत बनवायला सहा दिवस लागणार होते. कारण द्यावं लागणार होतं, म्हणून तो मोठ्यासाहेबांकडे गेला आणि उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. अकरा वर्षं या प्रसंगाची त्याने मनात तयारी केली होती. त्यात साहेब ओरडायचे, कधी राजीनामा मागायचे, एकदा तर पोलिसही होते. प्रत्यक्षात साहेबांनी काचेच्या पेटीतल्या रिकाम्या डब्यावरची धूळ बोटाने पुसली.

"अकरा वर्षं चालली ती चूक नसते हो," ते म्हणाले. "ती पद्धत असते. नमुने परत मागवा."

तो बाहेर आला आणि जिन्यात बराच वेळ उभा राहिला. शिक्षा झाली असती तर तिचं काहीतरी टोक तरी असतं.

दुसरे नमुने आले. दहाही उठले. एक तारखेला तीन दिवस उरले होते; शुक्रवार होता. त्याने यादी छापली, पानं टाचली, आणि सहीसाठी नवीच्या टेबलावर ठेवली. तिने जेवणाच्या सुट्टीतही ती वाचली. मग ती त्याच्या टेबलाशी आली.

"मी यावर सही करणार नाही."

"का? डबा चालतोय."

"चालतोय. हे बघा." तिने पेन्सिलीने शेऱ्यांवर गोल केले होते. "एक्केचाळीस. धुण्याच्या यंत्राची धरली तर बेचाळीस, पण तिच्यापुढे तुम्ही अजून काहीच लिहिलं नाहीय. तूर्त म्हणजे काय, सर?"

"म्हणजे, खरा भाग मिळेपर्यंत."

"म्हणजे कुणीतरी परत येऊन हे नीट करणार आहे. असा शब्द दिलाय तुम्ही इथे, एक्केचाळीस वेळा. कोण येणार आहे?"

"नवा डबा आला की..."

"नवा आला तरी हा बंद होणार नाही. हा स्वस्तातला म्हणून चालू राहील. तुम्हाला माहीत आहे हे." तिचा आवाज चढला नव्हता. "मी सही केली की हे सगळे शब्द माझे होतात. मी पस्तिशीला यायची, चाळिशीला यायची, आणि मला तूर्तबाई म्हणायचे. मला नको ते."

"मग काय लिहू?"

"जे आहे ते. कायम."

त्याने यादी पुढे ओढली. मग लाल पेन काढलं. पहिला तूर्त एका कपॅसिटरपुढे होता, तिसऱ्या रिव्हिजनमधला. तो बसवला त्या आठवड्यात मुलगी होणार असल्याचं कळलं होतं. त्याने तूर्तवर रेघ मारली, शेजारी कायम लिहिलं आणि तारीख घातली. दुसरा. तिसरा. काहींची कारणं आठवत होती, काहींची आठवत नव्हती; खरा भाग कोणता होता हेही काहींचं आठवत नव्हतं. दुपारचे चार वाजेपर्यंत चाळीस झाले. धुण्याच्या यंत्राच्या चिपपुढे नवीने स्वतःच्या हाताने कायम लिहिलं. चारशे सतरा उरला.

तेवढ्यात खरेदीवाला आत डोकावला. त्याला कुणाकडून तरी सगळं कळलं होतं, आणि तो चांगलंच करायला आला होता. "तूर्तराव, एक कानावर घालतो. मुख्य चिपचा साठा संपायला आलाय. पुढची ऑर्डर मी भरणार, त्यात प्रोग्रॅम बदलून मागता येईल. सरळ करून. फक्त ते बघायला जाणता माणूस हवा इथे."

"किती?" त्याने विचारलं.

"सव्वीस. फार तर अठ्ठावीस."

खरेदीवाला गेला. हवा गाळणारं यंत्र चालू होतं. सव्वीस आठवडे. अकरा वर्षांच्या पुढे सव्वीस आठवडे म्हणजे काहीच नाही. तेरावी रिव्हिजन. दोन सरळ रेघा, सरळ प्रोग्रॅम, चारशे सतराची जागा रिकामी. आपल्या मागे एक बरोबर बोर्ड. बायकोला सांगता येईल. प्राचार्यांना मात्र नाही. अकरा वाजता ते दुसरा फोन लावणार होते.

"तू करशील का?" त्याने नवीला विचारलं. "तेरावीत. मी सगळं लिहून देतो."

तिने विचार केला. तिने खरोखर विचार केला हे त्याला दिसलं.

"नाही," ती म्हणाली. "चालणारा डबा मी उघडणार नाही. तुम्ही उद्या नाही आहात म्हणून हो म्हणून टाकलं असतं, सोपं होतं. पण मग तो बेचाळिसावा तूर्त झाला असता."

तो उठला. हात धुवायला गेला. हात स्वच्छ होते, तरी राळ लागल्यासारखे त्याने ते घासले. आरशावर कुणीतरी चिकटवलेली सूचना होती: नळ तूर्त वापरू नये. नळ चालत होता.

परत येऊन तो बसला. चारशे सतरापुढच्या तूर्तवर रेघ मारली. अक्षर त्याचंच होतं पण तरुण होतं, तिरकं, घाईतलं. शेजारी जागा थोडी होती, म्हणून त्याने बारीक लिहिलं: चूक. काढू नये. कायम. आणि तारीख.

नवीने यादी ओढून घेतली. खाली सही केली, पूर्ण नावाची. मग म्हणाली, "चहा घ्या सर, गार होतोय." तूर्तराव लिहिलेला कप तिने त्याच्यापुढे सरकवला. तो चहा प्यायला. जाताना कप घेऊन जायचं त्याच्या मनात आलं होतं, पण तो विसरला.

रविवारी सकाळी त्याने खोली रिकामी केली. खाट घडी केली. खिडकीवरचा कागद ओढला तर तो हातात चुरा होऊन आला. पूल, मंत्री, लवकरच, सगळं फरशीवर पडलं. काचेवर चिकटपट्टीचे चार चौकोन राहिले. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती, हातभर अंतरावर. तीन वर्षं त्याने कशाला आडोसा केला होता, ते त्याला आज दिसलं.

बसने चार तास. दोन बॅगा, आणि मांडीवर पुस्तकांचं खोकं. दुपारी दार मुलीने उघडलं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"आता इथेच."

"बरं," ती म्हणाली, आणि आत पळाली. तिचा खेळ थांबलेला होता. पलीकडच्या खोलीतून सासूबाईंनी विचारलं, कोण आलंय, आणि मुलगी म्हणाली, शनिवारचे बाबा.

त्याने तिचा डबा उचलून तळाची चिठ्ठी पाहिली. सहावी रिव्हिजन. "बंद करून परत लाव बरं," तो म्हणाला. तिने वैतागून बटण दाबलं, परत दाबलं. तो एक क्षण आला ज्यात दिवा लागत नाही. फार तर अर्धा सेकंद. आत कुठेतरी थांब असा निरोप निघाला, पलीकडे तो जागा हो असा पोचला. दिवा लागला.

"झालं समाधान?" मुलगी म्हणाली. "आता सरका, दिसत नाही मला."

बायको पदराला हात पुसत आली. तिने त्याच्याकडे पाहिलं, दोन बॅगांकडे पाहिलं, खोक्याकडे पाहिलं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि कपाटाचं दार उघडून उभी राहिली. मधला एक कप्पा पुसलेला होता, त्यात नवा कागद घातलेला होता.

"हा रिकामा केलाय," ती म्हणाली. "तूर्त."

तो थांबला. तिने ते चिडवायला म्हटलं नव्हतं. तिला त्याचं ऑफिसातलं नाव माहीतही नव्हतं.

"तूर्त का?"

"उद्या साडेदहाला शाळेत जाऊन ये. मग बघू. वरच्या कप्प्यात आईची पांघरुणं आहेत, ती काढायची म्हणजे दिवस मोडतो." ती दार धरून उभी होती. "किती वेळा काढली आणि किती वेळा परत ठेवली, तुला काय माहीत."

त्याला माहीत नव्हतं. त्याने शनिवारची बॅग उघडली आणि शर्ट एकेक करून कप्प्यात ठेवले. आठ मावले. नववा ठेवला तर दार लागेना. उरलेले त्याने परत बॅगेत घातले, चेन ओढली, आणि बॅग उचलून कपाटावर ठेवली. तिथे धुळीत तिच्या आकाराची स्वच्छ जागा होती. बॅग तिथे बरोबर बसली.